वादक, वाद्य आणि वर्षासन

कलावंताची कारकीर्द साठ वर्षे टिकली म्हणजे तिचे श्रेय आपण त्याच्या प्रकृतीला, त्याच्या व्यासंगाला आणि उरलेच तर पूर्वसुकृताला देऊन मोकळे होतो. ज्या गावाने त्याला बसण्यासाठी हक्काची जागा दिली, ज्या कारागिरांनी त्याचे वाद्य पिढ्यानुपिढ्या बोलते ठेवले आणि ज्या ग्रंथालयाने अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद कसरीपासून वाचवून त्याच्या मेजावर आणून ठेवले, त्यांच्या नावे काही जमा करण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. गुस्ताव लिओनहार्ट या डच ऑर्गनवादकाचे आणि प्राचीन संगीताच्या वृंदसंचालकाचे चरित्र पाहताना हा जमाखर्च नव्याने मांडावासा वाटतो. १९५० साली व्हिएन्नात त्यांची पहिली मोठी जाहीर मैफल झाली आणि १२ डिसेंबर २०११ रोजी पॅरिसच्या बूफ द्यू नोर नाट्यगृहात शेवटची. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १६ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते ॲमस्टरडॅममध्ये निवर्तले. या एकसष्ट वर्षांत त्या एका पुरुषाच्या तपश्चर्येइतकाच त्याच्या देशाच्या चिकाटीचाही वाटा आहे, आणि महाराष्ट्रात जुन्या विद्येच्या जतनाविषयी कळकळीने बोलणाऱ्यांनी पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीचाच अधिक विचार करावा, असे माझे म्हणणे आहे.

ऑर्गन म्हटले की मराठी रसिकाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकाच्या साथीची, पायाने भाता मारून वाजवायची पेटी उभी राहते, आणि बालगंधर्वांच्या काळापासून तिने आपल्या नाट्यपदांना जो भरीव आधार दिला तो पाहता हे स्वाभाविकच आहे. पण त्या पेटीत हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. लिओनहार्ट ज्या वाद्यापुढे बसत ते त्याहून फार जुने आणि फार मोठे प्रकरण. चर्चच्या भिंतीलगत बांधलेल्या भव्य लाकडी मखरात शिशाच्या, कथलाच्या आणि लाकडाच्या शेकडो, प्रसंगी हजारो नळ्या उभ्या केलेल्या असतात, त्यांतली एखादी बोराएवढ्या तोंडाची तर एखादी दोन पुरुष उंचीची. खाली प्रचंड भाते, मध्ये हवेच्या पेट्या, आणि वादकापुढे हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी व पायांसाठी एक. असे वाद्य पाठीवर घालून गावोगाव नेता येत नाही. सतारिया सतार घेऊन दरबार बदलू शकतो. ऑर्गनवादकाला मात्र वाद्य जेथे असेल तेथेच जाऊन बसावे लागते, आणि म्हणून त्याची कारकीर्द ही एका वास्तूशी, एका नेमणुकीशी व ती नेमणूक करणाऱ्या कारभाऱ्यांच्या दानतीशी जन्माची जखडलेली असते.

लिओनहार्ट यांचा जन्म ३० मे १९२८ रोजी ॲमस्टरडॅमपासून जवळच्या स्ग्राव्हलांड गावी, एका सुखवस्तू व्यापारी कुटुंबात झाला. घरात सगळेच हौसेने वाजवीत, आणि जुन्या संगीताला साजेसे वाद्य हवे म्हणून आईवडिलांनी हार्पसिकॉर्ड हे तारा छेडून वाजणारे जुने पट्टीवाद्यही घेतले होते. महायुद्धाच्या अखेरच्या, उपासमारीच्या हिवाळ्यात शाळा बंद पडलेल्या आणि जर्मनांच्या सक्तीच्या मजुरीच्या भयाने तरुण मुले घराघरांत दडून बसलेली असताना, या मुलाने आपला वेळ त्या वाद्याच्या तारा लावण्यात आणि वाजवण्यात घालवला. पुढे १९४७ ते १९५० पर्यंत स्वित्झर्लंडमधील बाझल येथे, केवळ प्राचीन संगीतासाठी काढलेल्या विद्यालयात, एडुआर्ड म्युलर यांच्यापाशी त्यांनी ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड या दोन्ही वाद्यांचे शिक्षण घेतले.

त्या काळच्या हॉलंडात जर्मन संगीतकार बाखच्या संगीताची वानवा होती असे मुळीच नाही. विलेम मेंगेलबर्ग हे विख्यात संचालक १८९९ पासून ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात दर पाम रविवारी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर करीत आले होते. गायकांचा प्रचंड समुदाय, भलामोठा वाद्यवृंद, जागोजागी लावलेली कात्री आणि सद्गदित झालेला श्रोतृवर्ग, असा तो वार्षिक सोहळा असे. त्याला उत्तर म्हणून १९२१ मध्ये नेदरलँड्स बाख संस्था स्थापन झाली आणि नार्देन गावच्या चर्चमध्ये तीच कृती, न कापता, दरवर्षी होऊ लागली. लिओनहार्ट यांचे वडील त्या संस्थेच्या कारभारात होते. बाख १७५० मध्ये मरण पावला; त्याची ही कृती विस्मृतीतून पुन्हा लोकांपुढे आणली ती मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिन येथे, आणि तीही बरीच छाटून. याचा अर्थ असा की मेंगेलबर्गांच्या सभागृहात जी वडिलोपार्जित म्हणून पूजिली जात होती ती रीत बाखच्या घरातून आलेली नव्हती, मधल्या शतकाने आपल्या आवडीप्रमाणे ती घालून दिलेली होती. जमिनीच्या खटल्यात दीर्घ वहिवाटीला जसे हळूहळू मालकीचे स्वरूप येते तसे त्या रीतीला परंपरेचे स्वरूप आले होते, आणि मूळ सनद काढून दाखवा असे शांतपणे म्हणणारा कोणी पुढे येणे अगत्याचे होते.

ही सनद शोधण्याचे काम लिओनहार्ट यांनी व्हिएन्नात केले. तेथे ते गेले होते वृंदसंचालन शिकण्यासाठी, पण त्यांचे दिवस गेले राष्ट्रीय ग्रंथालयात, जुनी हस्तलिखिते आणि वादनशास्त्रावरील जुने ग्रंथ स्वहस्ते उतरवून घेण्यात. छायाप्रती सुलभ नसण्याचा तो काळ. बोटांची योजना, अलंकारांची चिन्हे, लयीचे सूक्ष्म नियम हे सारे पेनाने वहीत उतरवावे लागे, आणि ज्याने एकदा उतरवले त्याच्या ते अंगी मुरत असे. १९५० च्या त्या मैफलीत त्यांनी बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही कृती हार्पसिकॉर्डवर वाजवली, आणि ती मुळात त्याच वाद्यासाठी रचलेली आहे, हे १९५२ मध्ये एका छोटेखानी प्रबंधात सप्रमाण मांडले. बाखने या कृतीत वाद्याचे नाव लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे ती अमूर्त, कागदावरच राहण्यासाठी रचलेली अशी समजूत बळावली होती. लिओनहार्ट यांनी दाखवून दिले की तिचे स्वर दोन हातांच्या आवाक्यात बसतात आणि तिची मांडणी त्या काळच्या पट्टीवाद्यांच्या लेखनाशी जुळते. चोवीस वर्षांच्या तरुणाने पंडितांच्या अध्यात्माला कागदपत्रांनी दिलेले हे उत्तर होते.

पण कागद मिळाला तरी तो वाजवून पाहण्यासाठी वाद्य हवे, आणि येथेच डच नगरांचा इतिहास आपल्याला काही शिकवून जातो. सोळाव्या शतकात तेथे धर्मसुधारणेचे वारे शिरले तेव्हा कर्मठ धर्मगुरूंना उपासनेत ऑर्गन नको होता. १५७४ च्या डॉर्ट्रेख्टच्या धर्मसभेने तर त्याला उघड विरोध केला. अशा वेळी ही अवाढव्य वाद्ये वितळवून धातू विकणे नगरांना सहज शक्य होते. तसे न करता नगरशासकांनी ती आपल्या ताब्यात ठेवली, वादकांना नगराच्या तिजोरीतून तनखा बांधून दिला, आणि उपासनेपूर्वी व उपासनेनंतर नागरिकांसाठी वादन करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. ॲमस्टरडॅमच्या जुन्या चर्चमधील यान पीटरझोन स्वेलिंक हा याच व्यवस्थेचा चाकर. चार दशकांहून अधिक काळ, १६२१ मध्ये मरण येईपर्यंत, तो त्या एका जागी बसून राहिला आणि उत्तर जर्मनीतून तरुण वादक त्याच्याकडे शिकायला येत राहिले. त्याचा शिष्य शायडेमान, शायडेमानचा शिष्य राइनकेन, आणि त्या वृद्ध राइनकेनला ऐकण्यासाठी हॅम्बुर्गला पायपीट करणारा तरुण म्हणजे बाख. डच नगरपालिकेच्या जमाखर्चात दरसाल पडलेल्या एका मामुली रकमेचे हे दूरचे फळ आहे. स्वेलिंकच्या फँटेझिया आणि टोकाटा यांची शुद्ध संहिता साडेतीनशे वर्षांनंतर ज्यांनी सिद्ध केली ते लिओनहार्टच होते, हा योगायोग म्हणता येणार नाही.

त्यांची स्वतःची नेमणूक होती ॲमस्टरडॅममधील वालसे केर्क या फ्रेंच भाषक प्रॉटेस्टंटांच्या लहानशा चर्चमध्ये. तेथला ऑर्गन ख्रिस्तियान म्युलर या कारागिराने १७३४ मध्ये बांधलेला. याच म्युलरने १७३८ मध्ये हारलेम येथे पुरा केलेला ऑर्गन १७६६ साली दहा वर्षांच्या मोत्झार्टने वाजवला होता. वालसे केर्कच्या वाद्याची दुरुस्ती १९६५ मध्ये जर्मनीतील युर्गेन आरेंड आणि त्यांच्या भागीदाराने केली, आणि तीही नव्या सोयी न घुसडता, मूळ घडण समजून घेऊन. ही गोष्ट वरवर पाहता सुताराच्या हजेरीपटावरची वाटते. पण लिओनहार्ट यांच्या वादनाचे मर्म तिच्यातच आहे. जुन्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की सडपातळ लाकडी काड्यांच्या साखळीने थेट नळीखालची झडप उघडते, आणि ती झडप उघडताना हवेचा किंचित विरोध बोटाच्या अग्राला जाणवतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत हवेच्या दाबाच्या आणि विजेच्या यंत्रणा आल्या, वादकाचे श्रम वाचले, आणि बोट व झडप यांचा संबंध तुटला.

आता हे लक्षात घ्यावे की ऑर्गनवर किंवा हार्पसिकॉर्डवर बोटाचा जोर वाढवून स्वर मोठा करता येत नाही. जोराने मारा की हळुवार, स्वराचे आकारमान तेच. मग वादकाच्या हाती उरते ते एवढेच, की स्वर केव्हा सुरू करावा आणि केव्हा सोडावा. लिओनहार्ट यांनी आपली सारी कला या एवढ्याशा जागेत उभी केली. महत्त्वाच्या स्वरापूर्वी तिळमात्र थांबावे, म्हणजे तो स्वर ऐकणाऱ्याला आपोआप वजनदार भासतो. आधीचा स्वर क्षणभर अगोदर सोडावा, म्हणजे पुढच्याभोवती मोकळी जागा निर्माण होते. हार्पसिकॉर्डवर दोन स्वर परस्परांत किंचित मिसळू द्यावेत, म्हणजे तारेचा निनाद गाण्याच्या मींडेसारखा पुढे सरकतो. वादकाचे शरीर निश्चल, चेहऱ्यावर भाव नाही, आणि सभागृहात मात्र वाक्यामागून वाक्य बोलले जात आहे असा अनुभव. जे लोक त्यांना शुष्क म्हणत ते बहुधा त्यांच्याकडे पाहत असत.

वृंदसंचालक म्हणून त्यांनी केलेले काम याच वृत्तीचा विस्तार होता. १९५४ मध्ये आल्फ्रेड डेलर या इंग्रज पुरुष-आल्टो गायकासह त्यांनी बाखच्या दोन कँटाटा, म्हणजे गायन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९५५ मध्ये ‘लिओनहार्ट कन्सॉर्ट’ हा छोटा वृंद उभा राहिला. १९७१ पासून निकोलाउस हार्नोनकुर्ट या ऑस्ट्रियन वृंदसंचालकासह बाखच्या उपलब्ध सुमारे दोनशे धर्मकँटाटा, जुन्या घडणीच्या वाद्यांवर आणि स्त्रीस्वरांच्या जागी बहुतांशी मुलांचे आवाज योजून, मुद्रित करण्याचा जो उपक्रम सुरू झाला, तो पुरा व्हायला जवळजवळ दोन दशके लागली. त्या ध्वनिमुद्रिकांच्या संचांबरोबर संपूर्ण स्वरलेखनही दिले जाई. दिग्दर्शकाने काय केले हे श्रोत्याला मूळ लिखाणाशी ताडून पाहता यावे, अशी ही उघड तपासणीची सोय होती, आणि आपल्या कामाची अशी सोय करून देणारे कलावंत विरळा. १९८० मध्ये या दोघांना मिळून इरॅस्मस पारितोषिक देण्यात आले.

आक्षेप असा घेतला जातो की ही सगळी चळवळ म्हणजे पुराणवस्तूंची पूजा. जिवंत संगीताला दप्तरखान्यात कोंडण्याचा उद्योग. अनुयायांविषयी तो काही अंशी खरा असेलही. लिओनहार्ट यांच्याविषयी तो टिकत नाही. बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्यांनी १९५३, १९६५ आणि १९७६ असे तीन वेळा मुद्रित केले, आणि प्रत्येक वेळी वाद्य वेगळे, चाल वेगळी. अस्सलपणाच्या मागे धावणारा कधी पटत नाही, आणि जो पटतो तोच अस्सल वाटतो, अशा आशयाचे त्यांचे मत प्रसिद्धच आहे. मार्टिन स्कोव्रोनेक या जर्मन वाद्यकाराने ऐंशीच्या दशकात त्यांच्या संमतीने एक हार्पसिकॉर्ड घडवले आणि त्यावर १७५५ हे साल व एका फ्रेंच कारागिराचे नाव घातले. जाणकारांनी ते अठराव्या शतकातील म्हणून डोक्यावर घेतले, आणि बऱ्याच वर्षांनी खुद्द स्कोव्रोनेक यांनीच लेख लिहून खरा प्रकार जाहीर केला. या गमतीतला बोध असा, की जुनेपण तारखेत नसते. जुन्या कारागिराइतके ज्ञान हाती आले तर आजही तितकेच चांगले वाद्य घडते. ही श्रद्धा पुराणवस्तू पूजणाऱ्याची खचित नव्हे.

वालसे केर्कनंतर, १९८२ पासून, लिओनहार्ट ॲमस्टरडॅमच्या नव्या चर्चचे ऑर्गनवादक झाले. या वास्तूत राजाच्या अधिकारग्रहणाचे सोहळे होतात, प्रदर्शने भरतात. नित्याची उपासना मात्र तेथे होत नाही. जेथे देवाची रोजची सेवाच बंद झाली तेथे वादकाची जागा कशाला ठेवायची, असा प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही लेखापरीक्षकाने विचारला असता. तेथे ती ठेवली गेली, कारण सतराव्या शतकातले वाद्य वाजते ठेवायचे तर त्यापुढे रोज कोणीतरी अधिकारी पुरुष बसला पाहिजे, हे तेथल्या विश्वस्तांना ठाऊक होते. याच स्थैर्यातून शिष्य तयार झाले. टोन कोपमान हे त्यांपैकीच एक. १९७९ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅम बरोक ऑर्केस्ट्रा स्थापन केला, १९९४ पासून दहा वर्षांत बाखच्या सर्व कँटाटा पुन्हा मुद्रित केल्या, आणि वाटेत प्रकाशन करणाऱ्या कंपनीने हात आखडता घेतला तेव्हा स्वतःची मुद्रणसंस्था काढून काम तडीस नेले. गुरूची रीत मात्र त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. लिओनहार्ट जितके संयत तितके कोपमान अलंकारप्रिय आणि उसळते. घराणे जिवंत असल्याची याहून चांगली खूण कोणती असणार?

हे सारे श्रीमंत देशाचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु स्वेलिंकला तनखा देणारे ॲमस्टरडॅम तेव्हा बंडखोर प्रांताचे, युद्धात गुंतलेले नगर होते. पैशाची विपुलता मागाहून आली. आपल्याकडे उणीव भासते ती पैशापेक्षा सातत्याची. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि क्लेमेंट्स या न्यायखात्यातील इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करविली. पट्टीवाद्याचे बारा समान स्वर ही निसर्गाची आज्ञा नाही, जुन्या संगीताला जुनेच स्वरांतर हवे, ही जी गोष्ट पुढे लिओनहार्ट यांच्या पिढीने युरोपला पटवली तिचाच हा आपल्या मुलखातला, आणि कालदृष्ट्या आधीचा, विचार होता. पण तो शिकवणारी शाळा, ते वाद्य घडवणारा कारखाना, ते वाजवण्यासाठी नेमलेला माणूस यांतले काही टिकले नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी डॉ. विद्याधर ओक यांना तो विषय पुन्हा मुळापासून हाती घ्यावा लागला. देवलांची बुद्धी कमी पडली नाही, त्यांच्यामागे नगर उभे राहिले नाही.

तीच गत आज नाट्यसंगीताच्या ऑर्गनची होऊ घातली आहे. ती विलायती वाद्ये आता कोठे घडत नाहीत. जी उरली आहेत ती कोणाच्या तरी हौसेवर आणि एखाद्या वृद्ध कारागिराच्या हातावर तगून आहेत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाने जुनी वाद्ये काचेआड सुरक्षित ठेवली हे त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत, तथापि काचेआडच्या वाद्याला वादक लागत नाही आणि म्हणून शिष्यही लागत नाही. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारे सोडून तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. २०२४ मध्ये त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकनाचा कागद त्या गल्लीतल्या पोराला वडिलांच्या दुकानात बसायला राजी करील असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याला राजी करील ते काम आणि त्या कामाचा नियमित मोबदला.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती सरकारइतकीच महानगरपालिकांना, नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना आणि आपल्या श्रीमंत देवस्थानांनाही उद्देशून आहे. महोत्सवाच्या मंडपावरचा काही खर्च कमी करून प्रत्येक मोठ्या नाट्यगृहात वाजत असलेला एक ऑर्गन, त्यासाठी वर्षासनावर नेमलेला एक वादक, त्याच्या हाताखाली दोन उमेदवार आणि एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा कायम करार, एवढी तजवीज करावी. आणि तेथे होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाचे ध्वनिमुद्रण कोणालाही मागून ऐकता येईल अशा दप्तरात जमा करावे. पहिली दहा वर्षे यातून दाखवण्याजोगे काही निघणार नाही, आणि ज्या कारभाऱ्याला मुदत संपण्यापूर्वी उद्घाटन हवे असते त्याला ही योजना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. तरीही पुढच्या खेपेस एखाद्या वयोवृद्ध साथीदाराच्या सत्काराची सभा भरेल तेव्हा अध्यक्षांनी भाषणाआधी तीन गोष्टींची चौकशी करावी: यांचे वाद्य दुरुस्त कोण करतो, यांची जागा पुढे कोणाला आणि किती तनख्यावर मिळणार, आणि यांची मुद्रणे कोणाच्या कपाटात आहेत. उत्तरे मिळाली नाहीत तर शालीचे पैसे सरळ कारागिराच्या हाती द्यावेत. सत्कारमूर्तींनाही बहुधा तेच अधिक आवडेल.